‘सर, एकदा बघता का?’

ऑफिसात चार-पाच वर्षं काढली की माणसाला एक वेगळी मराठी यायला लागते. साहेबांच्या शीटमध्ये ढळढळीत चूक दिसते. मनात येतं, ‘हे चुकलंय.’ तोंडातून निघतं, ‘सर, हा आकडा एकदा बघता का?’ साहेब मान वर न करता म्हणतात, ‘बघितलाय.’ आपण ‘हो हो, मग ठीक आहे’ करून जागेवर येऊन बसतो. शेजारच्याला मात्र स्पष्ट सांगतो. खाली टपरीवर चहा घेताना तर फारच स्पष्ट.

या आडून बोलण्याचा शास्त्रीय अभ्यास झालाय, आणि तो ऑफिसांपेक्षा विमानांच्या कॉकपिटमध्ये जास्त झालाय. कारण साधं आहे. ऑफिसातलं बोलणं हवेत विरतं. कॉकपिटमधलं रेकॉर्डरवर राहतं आणि अपघात झाला की शब्दन् शब्द उतरवून काढला जातो.

13 जानेवारी 1982. वॉशिंग्टनला बर्फ पडत होता. एअर फ्लोरिडाचं बोइंग 737 बराच वेळ रांगेत उभं होतं. तेवढ्यात को-पायलटने बर्फाचा विषय अनेकदा काढला: त्या विमानाच्या पाठीवर बघा कसा बर्फ लटकलाय, हे बर्फ काढणं म्हणजे हरलेली लढाई आहे, वगैरे. ‘आपण परत जाऊन पंख साफ करून घेऊ’ असं मात्र तो म्हणाला नाही. इंजिनाच्या सेन्सरवरही बर्फ जमला होता, त्यामुळे इंजिनांची ताकद दाखवणारा काटा खोटा आकडा दाखवत होता. धावपट्टीवर वेग घेताना को-पायलट म्हणाला, हे बरोबर वाटत नाही, नाही का? मग, हे बरोबर नाहीये. कॅप्टन म्हणाला, बरोबर आहे, ऐंशी झाला बघ वेग. को-पायलट: नाही, मला नाही वाटत बरोबर. आणि लगेच पुढे: असेलही कदाचित.

विमान उडालं, पुलावर आदळून पोटोमॅक नदीत पडलं. पुलावरचे चौघे धरून 78 माणसं गेली.

‘असेलही कदाचित.’ हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो, कारण ते मी स्वतः किती वेळा म्हटलंय याचा हिशेब नाही.

जोसेफ गोगेन आणि शार्लट लिंड यांनी नासासाठी अशा अपघातांमधल्या संभाषणांचा बारकाईने अभ्यास केला. हाताखालची माणसं वरच्यांशी बोलताना शब्द जास्त मऊ करतात, हे कुणीही सांगितलं असतं. महत्त्वाची गोष्ट दुसरी होती: मऊ करून मांडलेला मुद्दा चर्चेत टिकण्याची शक्यता कमी असते. तो कुणी फेटाळत नाही. तो नुसता पडून राहतो.

‘आपल्याकडे मोठ्यांचा मान ठेवायची पद्धत आहे म्हणून असं होतं,’ असं म्हणायचा मोह होतो. पण वॉशिंग्टनच्या त्या विमानातले दोघे वैमानिक अमेरिकन होते. आणि सगळ्यात मोठा अपघात झाला तो तोंडावर बोलण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या डच लोकांच्या कॉकपिटमध्ये. 27 मार्च 1977, टेनेरिफ बेट. धुक्यात डच केएलएम आणि अमेरिकन पॅन अ‍ॅम या कंपन्यांची दोन जंबो जेट (बोइंग 747) एकाच धावपट्टीवर आली. केएलएमचा कॅप्टन हा कंपनीच्या 747 प्रशिक्षणाचा प्रमुख. कंपनीच्या जाहिरातीत त्याचाच फोटो. शेजारी बसलेल्या को-पायलटची 747 ची परीक्षा काही महिन्यांपूर्वी त्यानेच घेतलेली.

कॅप्टनने थ्रॉटल (इंजिनांची ताकद वाढवायचे दांडे) पुढे सरकवले तेव्हा को-पायलटने अडवलं: थांबा, अजून परवानगी नाही. कॅप्टन थांबला आणि म्हणाला, माहीत आहे, टॉवरला विचार. मग टॉवरने उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला. उड्डाणाची परवानगी दिलीच नव्हती. कॅप्टन पुन्हा निघाला. या वेळी को-पायलटने अडवलं नाही. एका मिनिटाच्या आत साहेबांना दोनदा कोण टोकणार, असं त्याच्या मनात आलं असेल, हा माझा अंदाज. त्याने रेडिओवर सांगितलं ते इतकं मोघम होतं की टॉवरला वाटलं विमान उभं आहे. पॅन अ‍ॅमचा इशारा आणि टॉवरचं ‘थांबा’ एकाच क्षणी आले, आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये शिट्टीसारखा आवाज तेवढा ऐकू आला. मागे बसलेल्या इंजिनिअरला शंका आली. त्याने विचारलं, तो अजून बाजूला झाला नाही का? कॅप्टन ठासून म्हणाला, झालाय की! इंजिनिअर गप्प बसला. 583 मृत्यू.

त्यानंतर नियम झाला की ‘टेक-ऑफ’ हा शब्द फक्त प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा. एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं. एका शब्दाची ही किंमत.

मग कनिष्ठांना धीटपणे बोलायला शिकवलं की झालं? 22 मे 2010 ला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान मंगळूरच्या टेबलटॉप (डोंगरमाथ्यावरच्या) धावपट्टीवर फार उंचावरून, फार वेगात उतरत होतं. को-पायलटने ‘गो अराउंड’ (म्हणजे उतरू नका, विमान पुन्हा वर घ्या) असं तीनदा सांगितलं. आडून नाही, नियमातल्या शब्दांत. कॅप्टनने उतरवलंच. 158 जण गेले. बोलणारा बोलला होता, पण ऐकणारा जागेवर नव्हता. ‘लीडरशिप कम्युनिकेशन’च्या कोर्समध्ये आवाजाची फेक, हातवारे, नजरेला नजर हे सगळं शिकवतात. ऐकणं बहुधा शेवटच्या दिवशी जेवणानंतर.

विमान कंपन्यांना हे आधीच कळायला लागलं होतं. 1978 मध्ये पोर्टलंडला चाकांच्या बिघाडावर तासभर घिरट्या घालता घालता युनायटेड या अमेरिकन कंपनीच्या एका विमानातलं इंधनच संपलं. इंजिनिअर इंधनाचे आकडे सांगत होता, पण कॅप्टनचं लक्ष चाकांत अडकलेलं. चौकशीनंतर शिफारस दुहेरी झाली: हाताखालच्यांना ठामपणे बोलायला शिकवा, आणि कॅप्टनला सगळ्यांना सामील करून घ्यायला. 1981 पासून युनायटेडने हे प्रशिक्षण सुरू केलं. 1989 मध्ये त्याच कंपनीच्या डीसी-10 विमानाची, ते वळवणारी सगळी हायड्रॉलिक यंत्रणा गेली, तेव्हा कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवासी म्हणून बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकाला आत घेतलं आणि थ्रॉटल त्याच्या हाती दिले. 296 पैकी 184 जण वाचले. याचं श्रेय हेन्स त्या प्रशिक्षणाला देत राहिले.

जमिनीवरचा पुरावाही आहे. संशोधक एमी एडमंडसन 1990 च्या दशकात हॉस्पिटलमधल्या औषधांच्या चुका मोजत होत्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील ही अपेक्षा. आकडे उलटे निघाले. नीट शोधल्यावर उलगडा झाला, की त्या टीम जास्त चुकत नव्हत्या, जास्त सांगत होत्या. ज्या विभागात चूक सांगितली की बोलणी बसायची, तिथल्या चुका कागदावर येतच नव्हत्या. ‘आमच्याकडे काही प्रॉब्लेम नाही’ असं अभिमानाने सांगणाऱ्या मॅनेजरकडे मी तेव्हापासून जरा संशयाने बघतो.

ऑपरेशन थिएटरसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये आणलेल्या चेकलिस्टमध्ये एक बारीक कलम आहे: चिरा देण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. बालवाडीसारखं वाटतं, पण एकदा तोंड उघडलेला माणूस दुसऱ्यांदा सहज उघडतो. दिल्लीसह आठ शहरांतल्या पाहणीत मृत्यूंचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आलं. कॅनडात ओंटारियोमध्ये मात्र तीच यादी सगळ्या हॉस्पिटलांना सक्तीची केल्यावर फारसा फरक दिसला नाही. कागदावर टिकमार्क करणं वेगळं, बोलणं वेगळं.

माझ्या हाताखाली पाच माणसं आली तेव्हा मीही मीटिंगच्या शेवटी ‘कळलं ना? काही शंका?’ विचारायचो आणि ‘नाही सर’ ऐकून खूश व्हायचो. मग प्रश्न बदलला: ‘हे फसलं तर कुठे फसेल?’ सुरुवात सगळ्यात नव्या माणसापासून, माझं मत शेवटी. पहिल्या दोन मीटिंगांत सगळे टेबलाकडे बघत बसले. तिसऱ्या वेळी अप्रेंटिस मुलगी म्हणाली, ‘सर, ती डिलिव्हरीची तारीख एकदा बघता का… म्हणजे, नाही सर, चुकलीय. त्या दिवशी रविवार आहे. गोडाऊन बंद असतं.’

मी कॅलेंडर काढलं. रविवारच होता.