गंगाजलमधले दोन मोहन: आगाशे कोण आणि जोशी कोण?

गंगाजल (२००३) टीव्हीवर लागला की घरातलं कोणीतरी हमखास म्हणणार, "अरे तो साधू यादव म्हणजे मोहन आगाशे ना?" नाही हो. साधू यादव म्हणजे मोहन जोशी. आगाशे त्याच पिक्चरमध्ये आहेत पण खाकीत, डीआयजी वर्मा. आता गोंधळ होणारच म्हणा, दोघंही मोहन, दोघंही पुण्याशी जोडलेले, साधारण एकाच पिढीचे, नाटकातून आलेले, आणि हिंदीत दोघांच्याही वाट्याला भ्रष्ट नि आतल्या गाठीची माणसं जास्त आली. त्यात गंगाजलचे दिग्दर्शक प्रकाश झांनी आपल्या मृत्युदंडमध्येही (१९९७) दोघांना घेतलं होतं, मग लोकांचं डोकं चालणार कसं! (गंगाजलचं शूटिंग वाईला झालंय, म्हणजे बिहारचं तेजपूर आपल्या सातारा जिल्ह्यातच उभं राहिलं, हे अजून वेगळंच.)

फरक बघायचा तर हाच पिक्चर परत बघा. जोशींचा साधू यादव वाईट माणूस आहे हे तो तोंड उघडायच्या आधी कळतं, डोळे, आवाज, बसायची ऐट, सगळं बाहेर मांडलेलं, माणूस आला की सीन त्याचा. आगाशेंचा वर्मा तसला नाहीच. तो अजय देवगणच्या एसपीशी बोलतो ते वरिष्ठाने समजावून सांगावं तसं, साहेबी, शांत, आणि तो विकला गेलाय हे आपल्याला हळूहळू उमगतं. मला विचाराल तर वर्माच जास्त भीतीदायक, कारण असली माणसं सरकारी ऑफिसात आपल्याला खरोखर भेटतात.

आता आगाशे. नावामागे डॉक्टर आहे ते मानद वगैरे नाही, माणूस खराखुरा सायकिअ‍ॅट्रिस्ट आहे, पुण्याच्या बीजे मेडिकलमध्ये प्रोफेसर होता. ही गोष्ट नुसती माहिती म्हणून सोडून देऊ नका, त्यांचं सगळं करिअरच त्यावर उभं आहे. घर चालवायला दुसरा पेशा होता म्हणून नको ते काम नाकारायची सोय होती. १९७२ ला घाशीराम कोतवाल आलं त्यात ते नाना फडणवीस, ब्राह्मणांची ती माणसांची भिंत मागे डुलतेय आणि पुढे हा कामुक, मुत्सद्दी, लयीत बोलणारा नाना, आणि हे नाटक पुढे युरोप फिरून आलं. सामना (१९७५) आठवतो? "मारुती कांबळेचं काय झालं?" हा प्रश्न विचारणारे मास्तर श्रीराम लागू झाले आणि निळू फुलेंना घाम फुटला हे सगळ्यांच्या लक्षात असतं, पण तो मारुती कांबळे कोण झालंय हे विचारलं की निम्मे लोक गप्प. आगाशेच! मग जैत रे जैतमधला (१९७७) ढोल वाजवणारा, मधमाश्यांच्या राणीमाशीवर सूड घ्यायला निघालेला नाग्या, समोर स्मिता पाटील. टीव्हीवर तर अजून भारी, किस्सा काठमांडू का या मालिकेत शशी कपूर सत्यजित राय यांचा डिटेक्टिव्ह फेलूदा आणि आगाशे त्याचा लेखक दोस्त जटायू, म्हणजे बंगाल्यांच्या लाडक्या विनोदी पात्राचं काम पुणेकर डॉक्टरकडे! मीरा नायरच्या मिसिसिपी मसालात आहेत, रंग दे बसंतीत संरक्षणमंत्री आहेत, अपहरणमध्ये मात्र उलटं, अजय देवगणचा तत्त्वनिष्ठ बाप, प्रोफेसर. मधे एफटीआयआयचे, म्हणजे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे डायरेक्टरही होते.

जोशींची गाडी वेगळ्या रस्त्याने आली, आणि गाडी म्हणजे खरोखर गाडी, ट्रान्सपोर्टचा धंदा होता, स्वतः ट्रक चालवायचे. व्यावसायिक नाटकात कुर्यात सदा टिंगलम सारखं धो धो चालणारं काम, तिथे पब्लिकला शेवटच्या रांगेपर्यंत पकडून ठेवायची जी सवय लागली ती त्यांच्या अभिनयात कायम राहिली. नव्वदीत भूकंपपासून हिंदीत व्हिलन म्हणून जे सुरू झाले ते थांबलेच नाहीत, पिक्चर चांगला का भंगार हे न बघता करत गेले असं वाटतं, पण मी त्याला नावं ठेवणार नाही कारण पोट अभिनयावरच होतं. एका टोकाला वास्तवमधला विठ्ठल काण्या, दुसऱ्या टोकाला कांती शाहचा गुंडा (१९९८), ज्यात प्रत्येक जण यमक जुळवून स्वतःची ओळख करून देतो, त्यातला पोते म्हणजे आपले जोशी. गुंडाचे मीम बघून हसणाऱ्या पोरांना हे माहीतच नसतं की याच माणसाने त्याच वर्षी तू तिथे मी केलाय, सुहास जोशींबरोबर, म्हातारपणी मुलांनी आईबापाची वाटणी करून टाकलेलं जोडपं, तसल्याच गोष्टीचा हिंदी बागबान यायच्या पाच वर्षं आधी. तो बघा आणि मग पोते आठवून बघा, एकच माणूस आहे यावर विश्वास बसत नाही. सवत माझी लाडकी मध्ये तर हलकीफुलकी कॉमेडी. 'घराबाहेर' या पिक्चरसाठी राष्ट्रीय पुरस्कारात दखल घेतली गेली, नाट्य परिषदेचं अध्यक्षपद सांभाळलं, देऊळ बंदमध्ये स्वामी समर्थ झाले.

म्हणजे अष्टपैलू दोघंही, पण आगाशे भूमिका निवडून निवडून वेगळी घ्यायचे आणि जोशी मिळेल त्या भूमिकेत स्वतःचं काहीतरी घालायचे. उतारवयातली कामं बघितली की हे अजून कळतं. अस्तुमध्ये आगाशे स्मृतिभ्रंश झालेले संस्कृतचे पंडित चक्रपाणी शास्त्री, हत्तीमागे लहान मुलासारखे निघून जातात, आणि असले पेशंट हयातभर जवळून पाहिलेल्या डॉक्टरने ते केलंय म्हणून कुठेही दयेची भीक मागितलेली नाही. पुढे सुमित्रा भावेंबरोबर कासवची निर्मिती केली, विषय डिप्रेशन, आणि थेट राष्ट्रीय पुरस्कारातलं सुवर्णकमळ. जोशींनी त्या वयात काय घेतलं तर नटसम्राट, रोहिणी हट्टंगडींबरोबर स्टेजवर बेलवलकर, म्हणजे पूर्ण आवाजाचं, छातीतून येणारं काम.

घाईत ओळखायचंच असेल तर आवाज चढला की जोशी, आवाज उतरला आणि तरी समोरचा घाबरला की आगाशे. दरवेळी चालेलच असं नाही, त्रिमूर्तीतला (१९९५) आगाशेंचा व्हिलन चांगलाच बोंबलतो.

आणि हो, सईद मिर्झांचा मोहन जोशी हाजिर हो (१९८४) हा पिक्चर या दोघांपैकी कोणाचाच नाही. त्यातले मोहन जोशी म्हणजे भीष्म साहनी, आणि त्यात जो मराठी मोहन दिसतो तो मोहन गोखले, टीव्हीवरच्या मिस्टर योगी मालिकेवाला.