सेव्ह केलेली क्वेरी : कमांड लाइनवरून काढून टाकणे

संस्थेतील संगणकांची मध्यवर्ती नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थापन प्रणालीत नाव देऊन साठवलेली क्वेरी (नोंदींतून माहिती शोधण्यासाठी लिहिलेला प्रश्न), कन्सोलच्या (प्रशासकाच्या व्यवस्थापन पडद्याच्या) खिडकीत न जाता लेखी आदेशाने कायमची काढण्याची क्रिया. प्रस्तुत नोंद मायक्रोसॉफ्टच्या कॉन्फिगरेशन मॅनेजरपुरती मर्यादित आहे. ही प्रणाली १९९४ मध्ये सिस्टिम्स मॅनेजमेंट सर्व्हर (एसएमएस) या नावाने आली. पुढे नाव अनेकदा बदलले, तरी अंतर्गत वर्गांच्या नावांत ‘एसएमएस’ हे आद्याक्षर आजही टिकून आहे.

अशा क्वेरीची वंशावळ दोन प्रकारे मांडता येते. ती डब्ल्यूक्यूएल या भाषेत लिहिलेली असते आणि ही भाषा एसक्यूएलचाच (डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या प्रचलित भाषेचाच) एक मर्यादित भाग आहे. एसक्यूएलचे मूळ आयबीएममध्ये चेंबरलिन व बॉइस यांनी १९७४ च्या सुमारास मांडलेल्या ‘सीक्वेल’पर्यंत जाते. त्यामुळे सेव्ह केलेली क्वेरी म्हणजे डेटाबेसमधील ‘व्ह्यू’चाच (साठवलेल्या एसक्यूएल प्रश्नातून दिसणाऱ्या आभासी तक्त्याचाच) प्रकार, असे समजण्याकडे कल असतो. मात्र डब्ल्यूक्यूएल केवळ वाचण्याची भाषा आहे. तिच्यात भर घालण्याचे, बदलण्याचे वा पुसण्याचे विधानच नाही. म्हणजे क्वेरीच्या भाषेत क्वेरी पुसता येत नाही. प्रत्यक्षात ती ‘एसएमएस_क्वेरी’ या डब्ल्यूएमआय (विंडोजमधील व्यवस्थापन माहितीची यंत्रणा) वर्गाची वस्तू असते. साठवण साइटच्या (या प्रणालीच्या एका स्थापनेच्या) डेटाबेसमध्ये झाली, तरी ती निर्माण होते व नष्ट होते एसएमएस प्रोव्हायडर या मध्यस्थ घटकामार्फत. म्हणून तिला व्ह्यूऐवजी वस्तू मानणे अधिक नेमके ठरते. डेटाबेसच्या तक्त्यातील ओळ थेट पुसू नये, याचे कारणही हेच.

सुरुवातीच्या आवृत्त्यांत यासाठी स्वतंत्र आदेश नव्हता. प्रशासक व्हीबीस्क्रिप्ट ही स्क्रिप्ट भाषा किंवा डब्ल्यूएमआयसी हे डब्ल्यूएमआयचे कमांड लाइन साधन वापरून ‘रूट\एसएमएस\साइट_’ (पुढे साइट कोड) या नामावकाशातील (वर्गांच्या गटातील) वस्तू शोधून पुसत. या पद्धतीत एक धोका होता आणि तो आजही आहे. कन्सोलमध्ये वेगळ्या ठिकाणी दिसणाऱ्या स्टेटस मेसेज क्वेरीही (प्रणालीचे स्थिती-संदेश शोधणाऱ्या) याच वर्गात असतात. त्यांचे ‘टार्गेटक्लासनेम’ (क्वेरी कोणत्या वर्गात शोधते ते सांगणारा गुणधर्म) तेवढे ‘एसएमएस_स्टेटसमेसेज’ असते. ही चाळणी न लावता वर्गातील सर्व वस्तू काढल्या, तर त्याही जातात. डब्ल्यूएमआयसी विंडोज १० च्या २१एच१ आवृत्तीपासून कालबाह्य ठरले आहे. वस्तू पुसणारा ‘रिमूव्ह-डब्ल्यूएमआयऑब्जेक्ट’ हा आदेश पॉवरशेलच्या (मायक्रोसॉफ्टच्या कमांड लाइन व स्क्रिप्ट भाषेच्या) सहाव्या आवृत्तीपासून नाही. त्याची जागा ‘रिमूव्ह-सीआयएमइन्स्टन्स’ने घेतली.

कॉन्फिगरेशन मॅनेजरसाठी पॉवरशेलचे अंगभूत आदेश साधारणपणे २०१२ च्या अखेरीस वा २०१३ च्या प्रारंभी, प्रणालीच्या २०१२ आवृत्तीच्या पहिल्या सर्व्हिस पॅकबरोबर, उपलब्ध झाले. आदेश आहे ‘रिमूव्ह-सीएमक्वेरी’. पॉवरशेलच्या संमत क्रियापदांत ‘डिलीट’ नसल्याने ‘रिमूव्ह’ आले. आदेश चालवण्यापूर्वी तीन अक्षरी साइट कोडाच्या ड्राइव्हवर (पॉवरशेलमध्ये साइट दाखवणाऱ्या आभासी ड्राइव्हवर) जावे लागते. क्वेरी नावाने किंवा आयडीने सांगता येते, किंवा ‘गेट-सीएमक्वेरी’ने शोधून पाइपमधून (एका आदेशाचे उत्तर पुढच्या आदेशाला देणाऱ्या | चिन्हाने) पुढे देता येते. नाव माणसाने ठेवलेले असते, तर आयडी प्रणाली देते. त्यामुळे स्क्रिप्टमध्ये आयडीच वापरावा. आधी ‘-व्हॉटइफ’ हा पर्याय लावून, काहीही न पुसता, काय जाणार ते पाहावे. ‘-फोर्स’ दिल्यास खात्रीचा प्रश्न विचारला जात नाही. अनेक क्वेरी एकदम काढताना हा पर्याय शेवटी आणि यादी डोळ्यांखालून घातल्यावरच वापरावा. काढणाऱ्याच्या भूमिकेत क्वेरीसाठी ‘डिलीट’ परवानगी असावी लागते.

क्वेरी गेली तरी तिने शोधलेली माहिती, म्हणजे संगणकांची इन्व्हेंटरी (गोळा केलेली नोंद), शाबूत राहते. कलेक्शनच्या (संगणकांच्या वा वापरकर्त्यांच्या गटाच्या) नियमात आयात केलेल्या क्वेरीबाबत अनेकांना विनाकारण भीती वाटते. आयात करताना मजकुराची प्रत घेतली जाते, दुवा राहत नाही. त्यामुळे मूळ क्वेरी काढली तरी कलेक्शन बिघडत नाही. क्वेरीसाठी कचरापेटी मात्र नाही. काढण्यापूर्वी कन्सोलमधून एमओएफ (डब्ल्यूएमआयच्या वस्तू मजकुरात लिहिण्याचे स्वरूप) फाइलमध्ये निर्यात करून ठेवली असेल, तर ती पुन्हा आयात करता येते. नसेल तर डब्ल्यूक्यूएल मजकूर नव्याने लिहावा लागतो.