अहिंसा : कायिक, वाचिक व मानसिक

कोणत्याही जीवाला शरीराने, वाणीने वा मनाने पीडा न देणे, ती दुसऱ्याकरवी न देवविणे आणि कोणी देत असल्यास त्यास मनोमन संमतीही न देणे, या आचाराला अहिंसा म्हणतात. भारतीय परंपरेत ती व्रत, यम, शील व सामान्य धर्म अशा निरनिराळ्या सदरांखाली येते. मांसाहारत्यागाशी तिचा संबंध निकटचा असला, तरी तो तिचा एक भाग होय.

अहिंसेच्या कल्पनेचा उगम वादग्रस्त आहे. ब्राह्मणग्रंथांत (वेदांच्या यज्ञविषयक गद्य ग्रंथांत) हा शब्द आढळतो, पण तेथे त्याचा रोख बहुधा यज्ञ करणाऱ्या यजमानाला, त्याच्या प्रजेला व पशूंना इजा पोहोचू नये याकडे असतो. नैतिक अर्थाने तो छांदोग्य उपनिषदात (साधारणतः इ. स. पू. सातवे-सहावे शतक) स्पष्ट दिसतो. तेथे तप, दान, आर्जव, अहिंसा व सत्यवचन यांना दक्षिणा म्हटले आहे (३·१७). त्याच उपनिषदाच्या अखेरीस मात्र सर्व भूतांविषयी अहिंसा सांगताना ‘तीर्थे वगळून’ अशी पुस्ती जोडलेली आहे (८·१५). तीर्थ म्हणजे येथे यज्ञप्रसंग, असा अर्थ सामान्यतः घेतला जातो.

भारतविद्येचे अभ्यासक लुटव्हिख आल्सडोर्फ (१९६२) यांनी अहिंसेचे मूळ आर्यपूर्व, कदाचित सिंधू संस्कृतीत असावे असे सुचविले. त्याला आधार देईल असा वाचनीय लेखी पुरावा नसल्याने हे मत तर्काच्या पातळीवरच राहते. त्याच क्षेत्रातील हान्स-पेटर श्मिट (१९६८) यांनी ते मूळ वैदिक कर्मकांडातच शोधले. त्यासाठी त्यांनी ज्या सामग्रीकडे लक्ष वेधले तीत भृगूची कथा महत्त्वाची आहे. वरुणपुत्र भृगू परलोकात जातो आणि माणसे माणसांना तोडून खात आहेत असे दृश्य त्याला दिसते. ‘यांनी त्या लोकी आम्हांला खाल्ले, आता आम्ही यांना खातो’ असे त्याला सांगण्यात येते. खाणारे म्हणजे इहलोकी तोडलेले वृक्ष, मारलेले पशू, कापलेल्या वनस्पती होत (शतपथ ब्राह्मण ११·६·१, जैमिनीय ब्राह्मणातही ही कथा आहे). हिंसा कर्त्यावर उलटते या भीतीतून पुढे संन्याशांची अहिंसा घडली, असे श्मिट यांचे प्रतिपादन आहे. वैदिक वाङ्मयाचे अभ्यासक हेंक बोडेविट्स (१९९९) यांना ही उपपत्ती मान्य नाही. कथेतील भयावरचा उपाय पाहिला, तर त्यांच्या आक्षेपात बरेच तथ्य दिसते : वरुण मुलाला हिंसा सोडण्यास सांगत नाही, अग्निहोत्र केल्याने त्या दोषाचे निवारण होते, एवढेच सांगतो. सर्व जीवांविषयीची नैतिक अहिंसा श्रमण व संन्यासी वर्तुळांत आकाराला आली आणि ब्राह्मणी परंपरेने ती यज्ञाचा अपवाद राखून स्वीकारली, हे मत अधिक संभवनीय वाटते. मनुस्मृतीतील ‘यज्ञातील वध हा वध नव्हे’ हे वचन (५·३९) आणि मांसाला अनुमती देणाऱ्यापासून खाणाऱ्यापर्यंत आठ जणांना घातक ठरविणारा श्लोक (५·५१) एकाच अध्यायात शेजारी नांदतात, ते या तडजोडीमुळेच.

काया, वाचा व मन यांपैकी कोणाची हिंसा गुरुतर, हा प्रश्न प्राचीन काळीच चर्चिला गेला. मज्झिमनिकायातील उपालिसुत्तात निगंठ (जैन) पक्ष कायदंडाला (शरीराने केलेल्या हिंसेला), तर बुद्ध मनोकर्माला अधिक सदोष मानतात. हा वृत्तांत बौद्धांचा असल्याने जैन भूमिकेपुरता तो जपून वापरणे इष्ट. कारण जैनांची शास्त्रीय व्याख्याच मनापासून सुरू होते : ‘प्रमत्तयोगात् प्राणव्यपरोपणं हिंसा’, म्हणजे प्रमादयुक्त प्रवृत्तीमुळे झालेला प्राणवियोग ही हिंसा (तत्त्वार्थसूत्र, श्वेतांबर पाठ ७·८, दिगंबर पाठ ७·१३). या ग्रंथाचा काळ दुसऱ्यापासून पाचव्या शतकापर्यंत कोठेही मानला जातो. दिगंबर आचार्य कुंदकुंदांच्या प्रवचनसारात तर जीव मरो वा जगो, अयत्नाचाऱ्याला (निष्काळजीपणे वागणाऱ्याला) हिंसा निश्चित लागते आणि सावधपणे चालणाऱ्याला केवळ जीव मेल्याने कर्मबंध होत नाही, असे म्हटले आहे. कुंदकुंदांचे टीकाकार अमृतचंद्र यांनी रागादी विकारांचा प्रादुर्भाव न होणे हीच अहिंसा ठरविली.

व्रत टिकावे म्हणून तत्त्वार्थसूत्राच्या दिगंबर पाठात पाच भावना दिल्या आहेत : वाणीचा संयम, मनाचा संयम, पाहून चालणे, वस्तू जपून उचलणे-ठेवणे आणि प्रकाशात पाहून खाणेपिणे. गृहस्थाच्या अहिंसाणुव्रताचे (मर्यादित अहिंसाव्रताचे) अतिचार, म्हणजे त्या व्रताला लागणारे दोषही बारकाईने सांगितले आहेत. जनावराला जखडून बांधणे, मारणे, त्याचा अवयव छेदणे, त्याच्यावर अतिभार लादणे आणि त्याचे अन्नपाणी तोडणे हे ते पाच. यांत कोठेही जीव घेणे नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पुढील काळातील श्रावकाचाराने (जैन गृहस्थांच्या आचारशास्त्राने) हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी व विरोधी असे चार भेद केले. हेतुपुरस्सर केलेली संकल्पी हिंसा गृहस्थाला सर्वथा वर्ज्य. घरकाम, व्यवसाय व स्वसंरक्षण यांत घडणारी हिंसा त्याने शक्य तेवढी कमी करावयाची.

योगसूत्रात अहिंसा हा पहिला यम (संयमाचा नियम) आहे (२·३०). जाती, देश, काल व प्रसंग यांनी मर्यादित नसलेल्या यमांनाच तेथे महाव्रत म्हटले आहे. मर्यादित अहिंसा कशी असते, हे योगसूत्रावरील व्यासभाष्याने उदाहरणांनी दाखविले आहे : कोळी मासेच मारतो, इतर प्राणी नाही, कोणी तीर्थक्षेत्री मारत नाही, कोणी चतुर्दशीला मारत नाही. हिंसा कृत, कारित वा अनुमोदित. तिच्यामागे लोभ, क्रोध वा मोह. आणि तिची तीव्रता मृदू, मध्यम वा अधिक. यातून सत्तावीस भेद होतात. तीव्रतेचे पुन्हा प्रत्येकी तीन पोटभेद करून भाष्य ८१ वर पोहोचते. सूत्रकाराचा काळ इ. स. पू. दुसऱ्या शतकापासून इसवी सनाच्या पाचव्या शतकापर्यंत मांडला गेला आहे. अलीकडे उत्तरकालाकडे कल दिसतो.

वाचिक अहिंसेची चर्चा तुलनेने तुरळक आहे. गीतेने उद्वेग न करणारे, सत्य, प्रिय व हितकर बोलणे हे वाणीचे तप म्हटले (१७·१५). भूतांचा घात करणारे सत्य हे सत्यच नव्हे, असे व्यासभाष्य म्हणते. अशोकाच्या बाराव्या शिलालेखातील ‘वचगुति’, म्हणजे अप्रसंगी स्वपंथाची स्तुती व परपंथाची निंदा न करणे, हा वाक्‌संयमाला सार्वजनिक धोरण बनविण्याचा ज्ञात असलेला एक प्राचीन प्रयत्न होय. याच राजाच्या पहिल्या शिलालेखात राजवाड्याच्या मुदपाकखान्यात आता दोन मोर व एक हरिण एवढेच मारले जातात, तेही पुढे मारले जाणार नाहीत, असा उल्लेख आहे.

मराठीत या विषयाचे सर्वांत विस्तृत विवेचन ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात (शके १२१२) येते. गीतेतील ‘अहिंसा’ या एका शब्दावर ज्ञानेश्वरांनी शंभराहून अधिक ओव्या खर्चिल्या आहेत. आरंभी ते यज्ञवाद्यांच्या अहिंसेला झाडाच्या फांद्या तोडून त्याच्याच बुंध्याला कुंपण घालण्याची उपमा देतात. आयुर्वेदातील औषधांसाठी होणारी हिंसाही त्यांच्या तावडीतून सुटत नाही. मग अहिंसकाचे चालणे, बोलणे, पाहणे व हात यांचे क्रमाने वर्णन येते. बोलण्याविषयीची ओवी प्रसिद्ध आहे : ‘पुढां स्नेह पाझरे । मागां चालती अक्षरें । शब्द पाठीं अवतरे । कृपा आधीं ॥’ हात उचलले, तर ते अभय देण्यासाठी वा जोडण्यासाठी. इंद्रियांत दिसणारी ही अहिंसा मनातून पाझरते, असा त्यांचा निष्कर्ष असल्याने उपर्युक्त वादात ते मनोवाद्यांच्या बाजूला बसतात.

आधुनिक काळात महात्मा गांधींनी अहिंसेला राजकीय साधनाचे रूप दिले (पहा : सत्याग्रह). येरवडा तुरुंगातून १९३० मध्ये आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत वाईट विचार, उतावीळ, खोटे बोलणे, द्वेष, कोणाचे वाईट चिंतणे आणि जगाला लागणारी वस्तू अडवून ठेवणे, या सर्वांना त्यांनी हिंसेत गणले. १९२८ मध्ये साबरमती आश्रमातील असाध्य वेदनांनी तळमळणारे वासरू इंजेक्शन देऊन मारण्यास त्यांनी संमती दिली, तेव्हा मोठा गदारोळ उठला. वध आणि हिंसा एकच नव्हेत, ही त्यांची भूमिका हेतूला प्राधान्य देते; मात्र दुसऱ्याच्या मरणाचा निर्णय आपण घ्यावा काय, या टीकाकारांच्या प्रश्नाला ती पुरते उत्तर देत नाही. २ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय अहिंसा दिन म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २००७ मध्ये मान्य केला.

पाश्चात्त्य देशांत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शल रोझेनबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहिंसक संवादाची पद्धत विकसित केली. निरीक्षण, भावना, गरज व विनंती या तिच्या चार पायऱ्या. शिक्षेसाठी वापरलेले बळ आणि संरक्षणासाठी वापरलेले बळ यांत ते भेद करतात. हा भेद जैन श्रावकाचारातील विरोधी हिंसेशी ताडून पाहण्याजोगा आहे.