व्होल्ट वाटेत कुठे हरवतात? आउटबोर्ड मोटरची चार्जिंग यंत्रणा आणि मल्टिमीटर

होडीच्या मागे बाहेरून बसवलेले इंजिन, म्हणजे आउटबोर्ड मोटर, रोज तासन्‌तास चालते आणि तरीही एखाद्या सकाळी बॅटरी स्टार्टर फिरवायला नकार देते, तेव्हा पहिला संशय बॅटरीवर जातो. ती बदलूनही आठवड्याभरात पुन्हा तेच घडले की रेक्टिफायरवर (प्रवाह एकाच दिशेचा करणारा भाग) आणि मग स्टेटरवर (वीज निर्माण करणाऱ्या स्थिर गुंडाळ्या) खर्च होतो. यातले महागडे भाग अनेकदा धडधाकट असतात आणि दोष एखाद्या गंजलेल्या जोडात दडलेला असतो. तो शोधायला साधा मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट आणि ओहम मोजणारे हातातले उपकरण, पुरतो. फक्त कोणते मोजमाप कोणत्या स्थितीत घ्यायचे, हे समजून घ्यावे लागते.

या यंत्रणेचे मूळ मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवून दिलेल्या तत्त्वात आहे: तारेच्या गुंडाळीजवळचे चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले, की गुंडाळीत विद्युतदाब निर्माण होतो. आउटबोर्ड मोटरच्या फ्लायव्हीलच्या (इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चाकाच्या) आतल्या कडेला कायमचुंबक बसवलेले असतात आणि त्यांच्या मधोमध स्टेटरच्या गुंडाळ्या स्थिर असतात. फ्लायव्हील फिरले की त्यांत दिशा बदलणारा, म्हणजे एसी प्रवाह निर्माण होतो. बॅटरीला एकाच दिशेचा प्रवाह लागतो, म्हणून मध्ये डायोडांनी (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांनी) बनलेला रेक्टिफायर असतो, आणि बहुतेक मोठ्या मोटरींत त्याच डब्यात व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा रेग्युलेटरही असतो. तपासणी मात्र या प्रवासाच्या उलट दिशेने, बॅटरीकडून फ्लायव्हीलकडे करावी, असे माझे ठाम मत आहे. कारण बॅटरीची टोके सहज हाताशी असतात आणि फ्लायव्हील काढणे हे सर्वांत कटकटीचे काम असते.

इंजिन बंद करून काही तास उलटल्यावर पूर्ण भारित १२ व्होल्टची शिशाची बॅटरी सुमारे १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, १२.२ च्या आसपास ती अर्धी रिकामी असते. इंजिन नुकतेच थांबवले असेल, तर आकडा काही काळ फसवा, म्हणजे खऱ्यापेक्षा जास्त येतो. बॅटरीच मुळात खराब असेल, तर पुढच्या सर्व मोजमापांचा अर्थ बिघडतो, म्हणून आधी ती भारित करून तिची खात्री करून घ्यावी.

यानंतर इंजिन सुरू करावे, पण थंड करणाऱ्या पाण्याची सोय केल्याशिवाय नव्हे. पाण्याविना पंपातील रबरी इंपेलर थोड्याच वेळात जळतो. होडी ढकलणारा पंखा (प्रोपेलर) काढून ठेवावा आणि कपड्यांची टोके फ्लायव्हीलपासून लांब ठेवावीत. वेग थोडा वाढवल्यावर बॅटरीच्या टोकांवर साधारणतः १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले, तर चार्जिंग ठीक आहे. १५ च्या वर आकडा गेल्यास रेग्युलेटरकडे संशयाने पाहावे. केवळ रेक्टिफायर असलेल्या लहान मोटरींत मात्र जास्त वेगाला असे होऊ शकते. आकडा १२.४ वरून हललाच नाही, तर प्रवाह पोहोचत नाही. अनेक मोटरींत इंजिनच्या फेऱ्या दाखवणाऱ्या वेगदर्शकाला संकेत याच स्टेटरच्या स्पंदनांतून मिळतो, त्यामुळे वेगदर्शकाचा काटाही पडला असेल, तर दोष बहुधा स्टेटर-रेक्टिफायरच्या बाजूला असतो.

आता जोडांकडे वळू, कारण बहुतेकांची फसगत इथेच होते. डिजिटल मल्टिमीटरचा अंतर्गत रोध व्होल्टेज मोजताना सहसा १ कोटी ओहम असतो, म्हणजे तो तारेतून जवळजवळ प्रवाह घेतच नाही. परिणामी दहापैकी नऊ धागे तुटलेली तारही इंजिन बंद असताना बॅटरीचे पूर्ण व्होल्टेज दाखवते. ओहम मोजूनही हा दोष सापडेलच असे नाही. गंजलेल्या जोडाचा रोध ०.१ ओहम असेल, तर मीटरच्या स्वतःच्या दोन वायरींचा रोधच त्याहून अधिक भरू शकतो. पण याच जोडातून १० अँपिअर प्रवाह वाहू लागला, की तिथे पूर्ण १ व्होल्ट खर्ची पडतो: रेक्टिफायरकडून १४.२ निघालेले बॅटरीपाशी १३.२ उरतात आणि जोडात १० वॅट उष्णता तयार होते. म्हणून इंजिन चालू आणि प्रवाह वाहत असताना मीटर डीसी व्होल्टवर ठेवावा, एक प्रोब (मीटरच्या वायरीचे टोक) रेक्टिफायरच्या धन टोकावर आणि दुसरा बॅटरीच्या धन खांबावर टेकवावा. काही दशांश व्होल्टच्या वर आकडा गेला, तर प्रोब एकेक जोड ओलांडत पुढे सरकवावा. फ्यूजच्या आधी ०.१ आणि नंतर ०.९ दिसले, तर दोष त्या फ्यूजच्या घरातच आहे. हिरवट पडलेले पितळ तिथे बहुधा डोळ्यांनाही दिसते. ऋण बाजूही अशीच तपासावी.

वाट स्वच्छ निघाली, तरच स्टेटरकडे जावे. इंजिन बंद करून त्याच्या तारा सोडवाव्यात. चार्जिंग गुंडाळीचा रोध बहुधा १ ओहमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो, म्हणून प्रोब एकमेकांना टेकवून आलेला आकडा वजा करावा आणि उत्तर त्या मोटरीच्या पुस्तिकेशी ताडून पाहावे. बहुतेक रचनांत गुंडाळी आणि इंजिनच्या धातूमध्ये जोड मुळीच आढळू नये. रोध बरोबर आला तरी तापल्यावर उघड होणारा दोष सुटू शकतो. चालत्या इंजिनावर एसी व्होल्ट मोजणे त्याहून बोलके असते, कारण ते वेगाबरोबर चढत गेले पाहिजेत. जुन्या मोटरींत स्टेटरच्याच तबकडीवर इग्निशनची (ठिणगीसाठीची) गुंडाळीही असते आणि तिच्यावर शेकडो व्होल्ट असतात, म्हणून तारांचे रंग पक्के ओळखल्याशिवाय प्रोब लावू नये.

साध्या रेक्टिफायरचा प्रत्येक डायोड मीटरच्या डायोड चाचणीत एका दिशेने सुमारे ०.४ ते ०.७ व्होल्ट दाखवतो आणि उलट दिशेने काहीच नाही. दोन्हीकडे शून्य आले तर तो शॉर्ट झाला, दोन्हीकडे काहीच आले नाही तर तो तुटला. रेग्युलेटरसह असलेल्या डब्याबाबत ही चाचणी अपुरी पडते, कारण त्याचे नियंत्रक भाग व्होल्टेज चढल्यावरच कामाला लागतात. तिथे स्टेटर, तारा आणि बॅटरी निर्दोष ठरवून मगच त्याच्यावर बोट ठेवावे. नवा डबा बसवताना त्याची पाठ धातूला घट्ट टेकलेली असावी, कारण तीच त्याची उष्णता बाहेर नेते. इंजिन चालू असताना बॅटरीची केबल कधीही काढू नये. भार अचानक सुटल्याने उसळणारे व्होल्टेज नव्या डायोडांनाही क्षणात निकामी करू शकते.