वीणेचा पहारा

वीणेचा पहारा : अखंड हरिनाम सप्ताहात वीणा गळ्यात घेऊन, ती क्षणभरही खाली न ठेवता, नेमून दिलेला वेळ उभ्याने नामस्मरण करण्याची वारकरी प्रथा. पहारा देणाऱ्यास वीणेकरी म्हणतात. सात अहोरात्रांत वीणेकरी बदलत राहतात. नाम, वीणा आणि समोर विटेवर उभा असलेला विठ्ठल बदलत नाहीत. चित्ताला स्वास्थ्य लाभावे म्हणून सांगितलेल्या भक्तिसाधनांत सर्वांत कमी पूर्वतयारी मागणारे साधन म्हणून या प्रथेचे महत्त्व आहे. गाता गळा, पाठांतर वा शास्त्राभ्यास यांतले काहीच नसलेला माणूसही पहाऱ्यावर उभा राहू शकतो. नागपूर शहरातील विठ्ठलाच्या व गजानन महाराजांच्या देवळांत, तसेच जिल्ह्यातील गावोगावच्या सप्ताहांत ही प्रथा पाळली जाते. बोलीत सप्ताहाला ‘सप्ता’ म्हणतात आणि तो ‘बसतो’.

उगम : वीणा अखंड उभी ठेवण्याची चाल केव्हा पडली याविषयी एकमत नाही. सात दिवसांची मुदत भागवत सप्ताहावरून आली, हे मत बहुधा मान्य आहे. परीक्षिताने मृत्यूपूर्वीच्या सात दिवसांत शुकाच्या मुखातून भागवत ऐकले, या कथेचा त्याला आधार आहे. मात्र भागवत सप्ताहात वाचन रात्री थांबते, त्यामुळे ‘अखंड’ या अंगाचा उलगडा त्यावरून होत नाही. बंगालमधील वैष्णवांत आठ प्रहर (चोवीस तास) न थांबता नामसंकीर्तन करण्याची रीत आहे, आणि चैतन्य महाप्रभू (१४८६–१५३३) दक्षिणयात्रेत पंढरपुरास आल्याचा उल्लेख त्यांच्या बंगाली चरित्रात येतो. या दोन गोष्टी जोडून ही रीत तिकडून आली असा तर्क करता येतो. पण एका भेटीवर एवढा डोलारा उभारणे धाडसाचे ठरेल. पंढरीच्या एकादशीचा रात्रभराचा जागर महाराष्ट्रात आधीपासून होताच. तोच लांबवत सात रात्रींचा झाला असावा, हे अधिक सरळ स्पष्टीकरण आहे. मोठ्या प्रमाणावरील सार्वजनिक सप्ताहाची परंपरा गोदावरीकाठच्या सरला बेटाच्या गंगागिरी महाराजांकडे नेतात. तिचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास धरतात. काकडा (पहाटेची आरती), पारायण, प्रवचन, हरिपाठ, कीर्तन असा आज सर्वत्र जवळपास सारखाच दिसणारा क्रम रूढ होण्यात विष्णुबुवा जोग (१८६७–१९२०) यांनी १९१७ मध्ये आळंदीस स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेतून तयार झालेल्या कीर्तनकारांचा वाटा मोठा असावा.

याच संदर्भात ‘दिंडी’ या शब्दाचा विचार करावा लागतो. आज दिंडी म्हणजे भजन करीत चालणारा वारकऱ्यांचा समूह. जुन्या मराठीत मात्र दिंडी हे वीणेच्या जातीच्या एका लहान तंतुवाद्याचेही नाव होते. अभंगांत हाती घ्यायची ‘टाळ-दिंडी’ अशी जोडी येते तेथे दोन्ही वाद्येच अभिप्रेत आहेत. हातात समूह धरता येत नाही. मराठीतील एका वृत्ताचे नावही दिंडी आहे, ते या वाद्याच्या साथीने म्हटले जाई म्हणून पडले असणे शक्य आहे. काहींनी समूहवाचक अर्थ पताकेच्या काठीशी, तर काहींनी मोठ्या दरवाजातील लहान दाराशी जोडला आहे. वाद्यावरून त्यामागे चालणाऱ्या समूहाला नाव मिळाले, ही व्युत्पत्ती त्यांहून समाधानकारक वाटते. ती मान्य केली तर वीणेकऱ्याचे स्थानही समजते : ज्याच्या गळ्यात वीणा, त्याच्याभोवती दिंडी, आणि वयाने, मानाने मोठी माणसेही त्याच्या पाया पडतात, कारण तो मान माणसाचा नसून वीणेचा असतो.

वाद्य : वारकरी वीणा ही नावाने वीणा असली तरी रचनेने तंबोऱ्याच्या कुळातील आहे. तिच्या दांडीवर पडदे नसतात. चार तारा असतात : एक मंद्र (खालच्या सप्तकातील) पंचमाची, दोन जोडाच्या (एकाच स्वरात लावलेल्या) षड्जाच्या व एक खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाची. ती धुन वाजवण्यासाठी नसून एकच आधारस्वर सतत चालू ठेवण्यासाठी असते. भोपळ्याच्या वीणेचा नाद गोड, पण पहाऱ्याला लाकडी वीणा बरी. शेकडो हातांतून जाताना भोपळा खांबावर वा उंबऱ्यावर आपटतोच. नागपूरच्या हवेत आणखी दोन अडचणी येतात. चैत्र-वैशाखात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो तेव्हा कोरड्या उष्णतेने भोपळ्याला चीर जाते व खुंट्या सैल पडतात. त्यावर मंडपात कूलर लावला की त्याच्या ओलसर झोताने त्याच खुंट्या फुगतात आणि स्वर तासाभरात सरकतो. म्हणून कूलरचे तोंड वीणेकऱ्याकडे न ठेवता श्रोत्यांकडे ठेवावे. घसरणाऱ्या खुंटीला खडूची पूड लावतात. श्रावणातील सप्ताहात पोलादी तारा गंजतात. रोज पहाटे कोरड्या फडक्याने पुसल्या तर सात दिवस टिकतात. तार तुटली तर पहारा खंडित होत नाही, तरीही जुळवलेली दुसरी वीणा हाताशी असावी. ती आधी गळ्यात चढवून मगच पहिली उतरवावी.

पाळ्या : सात दिवसांचे तास १६८, म्हणजे ५६ प्रहर. जुन्या रीतीने पहारा एका प्रहराचा, तीन तासांचा असे. शहरात आता दोन तासांचा असतो, म्हणजे एकूण ८४ पाळ्या. प्रत्येक पाळीला वीणेकऱ्याबरोबर निदान एक टाळकरी हवा. मध्यरात्री ते पहाटे चार ही वेळ सर्वांत अवघड असते. कागदावर नावे भरलेली असतात, पण प्रत्यक्षात तिसऱ्या रात्रीपासून गळती सुरू होते. पहिल्या दोन रात्री उत्साह असतो आणि शेवटच्या दोन रात्री सप्ता संपत आल्याची ओढ. जाणती मंडळे तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या रात्रीसाठी अनुभवी माणसे राखून ठेवतात, आणि प्रत्येक रात्रपाळीसाठी देवळातच झोपणारा एक राखीव माणूस ठेवतात. स्त्रियांच्या पाळ्या अनेक ठिकाणी दिवसा लावतात.

पाळी बदलताना येणारा हातपाय धुऊन, बुक्का लावून वीणेकऱ्याच्या उजव्या बाजूस उभा राहतो आणि चालू नामात आपला आवाज मिसळतो. वीणेचा पट्टा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाईपर्यंत दोघांचे हात वीणेवर असतात. येणाऱ्याची बोटे तारेवर फिरू लागली की मगच जाणारा हात काढतो. मग दोघे एकमेकांच्या पाया पडतात. नेहमीची चूक अशी की जाणारा आधी नाम थांबवतो व मग वीणा देतो. तेवढ्या दोन-चार श्वासांत मंडप सुना पडतो, आणि ज्याला ‘अखंड’ म्हणतात ते तेथेच तुटते. नाम आधी सोपवायचे, वाद्य नंतर.

पहाऱ्यावर ‘रामकृष्णहरी’ हे नाम घेतात. तुकोबांना त्यांचे गुरू बाबाजी यांनी स्वप्नात हाच मंत्र दिला, अशी परंपरा आहे. भजनात जो स्वर लागतो त्याहून दोन-तीन स्वर खालून नाम घ्यावे. नवखा माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत उंच स्वरात, भरभर म्हणतो आणि अर्ध्या तासात त्याचा घसा बसतो. एका श्वासात एकदा, ही गती दोन तास निभते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. सवलतीचे मोजके दिवस सोडले तर रात्रीचा पहारा विनामाईकच होतो. याने पहाऱ्याचे भलेच झाले आहे. माइक बंद असला की स्वर आपोआप खाली येतो.

शांतीचे स्वरूप : गीतेच्या बाराव्या अध्यायात अव्यक्त, अचल, ध्रुव अशा तत्त्वाची उपासना सांगितली आहे आणि ती देहधाऱ्याला अधिक कष्टाची असल्याचेही लगेच म्हटले आहे. वारकऱ्यांनी या अडचणीवर काढलेला मार्ग म्हणजे विटेवरचा समचरण विठ्ठल. तो अचल आहे, पण डोळ्यांना दिसतो. पहाऱ्यात दृष्टी त्याच्या चरणांवर ठेवतात. मन भटकते, हे गृहीतच आहे; ते परत आणायला तारेवरचे बोट आणि ओठांवरचे नाम असे दोन दोर असतात. मन कोरे करण्याचा आग्रह येथे नाही. झोप, पायांची कळ, घरची काळजी हे सारे पहिल्या तासात वर येते. साधारण तासाभरानंतर त्याचा जोर ओसरतो, असे बहुतेक वीणेकरी सांगतात. पाय अवघडू नयेत म्हणून जागच्या जागी भार एका पायावरून दुसऱ्यावर घ्यावा, गुडघे ताठ ठेवू नयेत. पोट अगदी भरलेले वा अगदी रिकामे नसावे. चक्कर येऊ लागल्यास वीणा तत्काळ राखीव माणसाकडे द्यावी. त्यात कमीपणा नाही.

त्याच अध्यायात, फळाच्या त्यागापाठोपाठ शांती येते, असे म्हटले आहे. पहाऱ्यात हा त्याग अगदी व्यवहारात घडतो. रंगात आलेले नाम पाळी संपताच दुसऱ्याच्या हाती द्यावे लागते आणि आपल्यावाचून ते चालू राहिलेले ऐकत बाहेर पडावे लागते. मनाला निवांतपणा मिळतो तो बहुधा येथे, पहाऱ्याच्या ऐन भरात नव्हे. ‘माझ्या पाळीत समाधी लागावी’ या अपेक्षेने उभा राहणारा अस्वस्थच परततो.

पारायणाशी मेळ : पहारा चालू असतानाच सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण होते. सुमारे ९,००० ओव्या सात दिवसांत म्हणजे रोज साधारण १,३००. एकट्या अठराव्या अध्यायाच्या १,८०० च्या आसपास ओव्या असल्याने अध्यायांची सारखी वाटणी केली तर शेवटचा दिवस आवरत नाही. अठरावा अध्याय सहाव्या दिवशीच सुरू करावा. पारायण व कीर्तन यांच्या वेळी वीणेकरी नाम मनात घेतो, वीणा मात्र गळ्यातच असते. संध्याकाळच्या हरिपाठात (ज्ञानदेवांचे २७ अभंग, काही प्रतींत २८) तो मधोमध उभा राहतो.

नागपूर परिसर : नागपूरहून पंढरपूर सहाशे किलोमीटरहून दूर असल्याने पायी वारी येथील थोड्यांनाच घडते. जिल्ह्यातील कळमेश्वर तालुक्यात धापेवाडा हे ‘विदर्भाचे पंढरपूर’ म्हणून ओळखले जाते. तेथील नदीचे नावही चंद्रभागा आहे. स्थानाचा महिमा तेथील संत कोलबा स्वामींशी जोडलेला आहे. आषाढी आटोपून, गुरुपौर्णिमेनंतर विठ्ठल तेथे येतो अशी श्रद्धा असून त्या वेळी यात्रा भरते. विटेवर अचल असलेला देव भक्तांसाठी चालत येतो, यात भाविकांना विसंगती वाटत नाही. तो येतो म्हणजे पंढरी सोडतो, असे कोणी मानत नाही. शहरात माघ वद्य सप्तमीच्या गजानन महाराज प्रकटदिनास जोडून होणारे सप्ताह अधिक. त्या दिवसांतली हवा वीणेला आणि वीणेकऱ्यालाही सोयीची असते. तुकडोजी महाराजांची (१९०९–१९६८) सामुदायिक प्रार्थना विदर्भात सर्वपरिचित आहे. तीत बसून ध्यान व खंजिरीचे भजन असते, पहारा नसतो.

समाप्ती : आठव्या दिवशी सकाळी काल्याचे कीर्तन होते व लाह्या, पोहे, दही यांचा गोपाळकाला वाटतात. दहीहंडी फुटून आरती होईपर्यंत वीणा गळ्यातच राहते. मग शेवटचा वीणेकरी ती देवासमोरच्या आसनावर टेकवतो. तारा त्याच दिवशी थोड्या सैल कराव्यात; ताणलेल्या ठेवल्या तर दांडी वाकते आणि पुढच्या सप्त्याला वीणा स्वरात येत नाही.