दुपारी न दिसणारं शिल्प

मालवण तालुक्यातल्या एका जुन्या घराच्या खळ्यात गेल्या मार्चमध्ये एका शिल्पकार मित्राने आपलं प्रदर्शन मांडलं होतं. सगळं काम जांभ्यातलं, आणि सगळं अमूर्त. माणूस नाही, देव नाही, बैल नाही. आडव्या ठेवलेल्या लाद्यांवर नुसत्या वळणदार खाचा, उथळ वाट्या, हलके उतार. मी साडेबाराला पोचलो आणि मला दिसले ते बांधकामातून उरलेले चिरे. घरमालक काका ओटीवर सुपारी कातरत बसले होते. माझं तोंड बघून म्हणाले, "आता काय दिसाचां नाय. सांजेक ये."

सहाच्या सुमारास परत गेलो, तर त्याच लाद्यांवर लाटा उठल्या होत्या.

काकांच्या त्या वाक्यात शाळेतली त्रिकोणमिती आहे. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मालवणात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ७४ अंश वर असतो. ३ सेंटिमीटर खोल खाचेच्या कडेची सावली तेव्हा १ सेंटिमीटरही भरत नाही. मावळतीआधी चाळीसेक मिनिटं सूर्य १० अंशांवर येतो आणि तीच कड १७ सेंटिमीटर लांब सावली टाकू पाहते. खाच अरुंद असेल तर ती अख्खी काळोखाने भरते. खरी गंमत मात्र खाचांपेक्षा उतारांची आहे. सूर्याकडे १० अंशांनी कललेल्या उतारावर दुपारी सपाट दगडापेक्षा जेमतेम ३-४ टक्के जास्त ऊन पडतं. हा फरक डोळ्याला कळतही नाही. संध्याकाळी १० अंशांच्या उन्हात सूर्याकडे तेवढ्याच कललेल्या उतारावर सपाटीच्या जवळजवळ दुप्पट ऊन पडतं, आणि उलट बाजूला तेवढाच कललेला उतार थेट उन्हाला पूर्ण मुकतो. दगड तोच असतो, पण त्याचा आकार सहा वाजता 'लागतो'.

सड्यावरची, म्हणजे कोकणातल्या उघड्या कातळ-पठारांवर कोरलेली कातळशिल्पं पाहायला जाणाऱ्यांना हे नवं नाही. कशेळी, बारसू, उक्षी, इथे मालवण तालुक्यातलं कुडोपी. २०२२ पासून ही ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आहेत. कशेळीचा हत्ती इतका मोठा की त्याच्या अंगावर इतर प्राणी कोरलेले आहेत, आणि तरी भर दुपारी माणूस त्याच्यावरून चालत जाईल नि त्याला पत्ता लागणार नाही. उथळ कोरीवकाम सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हातच उठून दिसतं.

पण सावली दिसली म्हणजे आकार कळला असं नाही. सावलीचा अर्थ मेंदू लावतो, आणि तो एक गोष्ट गृहीत धरून चालतो: उजेड वरून येतो. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ मध्ये साध्या छायांकित वर्तुळांनी हे दाखवलं. वर उजळ, खाली गडद असलेलं वर्तुळ फुगवटा वाटतं. तेच उलटं केलं की खड्डा. कातळशिल्पाचा मोबाइलवरचा फोटो उलटा फिरवून बघा, कोरलेल्या रेषा बहुतेक वेळा दगडावर चिकटवलेल्या दोऱ्यांसारख्या वर येतील.

मग देवाच्या मूर्तीचं असं का होत नाही? इथे मला आमच्या गावची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायची जागा आठवते. शाडू भरायचा साचा रिकामा असताना त्यात थोडं लांबून, एक डोळा मिटून बघितलं, की आत गेलेला चेहरा बाहेर आल्यासारखा दिसतो. आपण सरकलो की तो मान वळवून बघतोय असंही वाटतं. लहानपणी आम्ही त्याला देवाचा चमत्कार समजायचो. खरं तर मेंदूने जन्मभरात आत गेलेलं नाक पाहिलेलंच नसतं. त्यामुळे छाया काहीही सांगो, तो ओळखीवर विश्वास ठेवतो.

अमूर्त शिल्पाला हीच सोय नसते. अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार वि. पां. करमरकरांचं शिल्पालय आहे. तिथल्या शिल्पांतली माणसं पावसाळी, सावलीहीन उजेडातही माणसंच दिसतील, कारण अर्धं काम आपली ओळख करते. माझ्या मित्राच्या लादीला ना नाक, ना डोळे. तिचं सगळं म्हणणं उजेड आणि सावलीच्या भाषेत, त्यामुळे उजेड चुकला की ती मुकी. अमूर्त कला 'कळत नाही' म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी ती ट्यूबलाइटखाली पाहिलेली असते, अशी मला शंका आहे.

सावलीच काढून टाकली तर काय होतं, हेही करून झालंय. २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये व्हँटाब्लॅक नावाचा कार्बनच्या सूक्ष्म नळ्यांचा लेप आला. तो पडलेल्या प्रकाशातला ९९.९६५ टक्के भाग गिळतो. असा लेप दिलेला मुखवटा समोरून पाहिला तर चेहरा राहतच नाही, हवेत कापलेलं भोक दिसतं. इथे ओळखीचं नाकही कामाला येत नाही. मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर यांनी या लेपाचे कलेपुरते हक्क २०१६ मध्ये स्वतःकडे घेतले आणि जगभरचे चित्रकार चिडले.

प्रदर्शनाकडे परत येतो. रात्री उशिरा येणाऱ्यांसाठी मित्राने वर दोन स्वस्त पांढरे एलईडी फ्लडलाइट लावले होते. दुहेरी घोटाळा झाला. उजेड वरून, म्हणजे पुन्हा दुपारच. आणि जांभ्याचा तांबडा रंग गेला, लाद्या चिखलाच्या दिसू लागल्या. जांभ्याचा रंग लोहाच्या ऑक्साइडांचा. ती निळा प्रकाश शोषतात, तांबडा परत पाठवतात. साध्या पांढऱ्या एलईडीत मुळात निळा दिवा असतो आणि त्यावर पिवळा प्रकाश देणारा लेप. गडद तांबडा त्यात कमीच. जे आलंच नाही ते दगड परत काय पाठवणार?

मित्र हताश होऊन वायर गुंडाळायला लागला, तेवढ्यात काकांनी गोठ्यातला जुना पिवळा बल्ब होल्डरसकट काढून आणला आणि लादीच्या पलीकडे, जमिनीलगत पाटावर ठेवला. तापलेल्या तारेच्या उजेडात तांबडा भरपूर असतो. लाटा परत उठल्या, रंगासकट. मी काकांना एक डोळा मिटायला सांगितला आणि बल्ब उचलून आमच्या पायांशी आणला. आता उजेड खालून येत होता, आणि खाचा बघता बघता फुगून वर आल्या.

काकांनी वाकून खाचेत बोट घातलं. बोट आत गेलं.

"मगे ह्यां वर कसां दिसता?" म्हणाले, आणि दुसरा डोळा मिटून बघू लागले.