ईश्वर आणि अनिष्टाची समस्या

ईश्वर सर्वशक्तिमान, सर्वज्ञ आणि दयाळू आहे असे मानले, तर जगात दुःख का, हा प्रश्न उभा राहतो. तत्त्वज्ञानात त्याला 'अनिष्टाची समस्या' म्हणतात. घरात तोच प्रश्न "देवानं असं का केलं?" एवढ्याच शब्दांत विचारला जातो, आणि बहुधा दारातून तिरडी निघाल्यावर. ग्रंथातला प्रश्न आणि दारातला प्रश्न एकच असला तरी विचारणारे वेगळे असतात. या विषयावरची पुष्कळशी उत्तरे याच फरकापाशी अडखळली आहेत.

प्रश्नाची सर्वांत प्रसिद्ध मांडणी ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस याच्या नावावर आहे. त्याच्या उपलब्ध लेखनात ती सापडत नाही. चौथ्या शतकाच्या आरंभीचा ख्रिस्ती लेखक लॅक्टँशियस याने ती खंडनासाठी उद्धृत केली म्हणून टिकली. देवाला दुःख दूर करायचे आहे पण जमत नाही, तर तो दुबळा. जमते पण करायचे नाही, तर तो दुष्ट. जमतेही आणि करायचेही आहे, तर मग दुःख आले कोठून? स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमच्या मृत्यूनंतर १७७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या धर्मविषयक संवादांत हेच प्रश्न पुन्हा येतात.

अनिष्टाचे दोन प्रकार मानण्याची रीत आहे. खून, छळ, गुलामगिरी ही माणसाने माणसाला दिलेली दुःखे. भूकंप, दुष्काळ, रोग ही निसर्गाने दिलेली. ही विभागणी सोयीची असली तरी एखादी प्रत्यक्ष आपत्ती जवळून पाहू लागले की ती विरते.

लिस्बन हे तिचे नेहमीचे उदाहरण. १ नोव्हेंबर १७५५ हा ख्रिस्ती संतांचा सण होता. सकाळी साडेनऊच्या सुमारास, चर्च भाविकांनी भरलेली असताना पोर्तुगालची राजधानी हादरली. मागून समुद्र आत आला, आणि मग आग लागली ती कित्येक दिवस धुमसत राहिली. प्रार्थनेला आलेली माणसे प्रार्थनास्थळाच्या छताखालीच गाडली गेली, या एका गोष्टीने युरोपातल्या विचारवंतांची झोप उडवली. जर्मन तत्त्वज्ञ लायप्निट्स याने १७१० मध्ये असा युक्तिवाद केला होता की, देवाने शक्य असलेल्या सर्व जगांतून सर्वोत्तम जग निवडले आहे. ईश्वराच्या न्यायीपणाच्या समर्थनाला 'थिओडिसी' हे नावही त्यानेच दिले. फ्रेंच लेखक व्हॉल्तेअरने १७५६ मध्ये लिस्बनवर कविता लिहून 'सारे काही ठीक आहे' म्हणणाऱ्यांना ढिगाऱ्याखाली चिरडलेली मुले पाहायला बोलावले.

त्याला तत्त्वज्ञ रूसोने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लिहिलेले पत्र मात्र या वादातले सर्वांत टिकाऊ लेखन आहे, असे मला वाटते. सहा-सात मजल्यांची वीस हजार घरे तिथे एकाला एक खेटून निसर्गाने बांधली नव्हती, असे त्याने बजावले. जमीन हलली हे नैसर्गिक. पण माणसे मेली ती घरांखाली, आणि घरे माणसांची.

मराठी वाचकाला हे किल्लारीवरून लगेच कळावे. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपले आणि ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरची गावे कोसळली. धक्का ६.२ रिश्टरच्या आसपासचा होता. एवढ्या तीव्रतेच्या भूकंपात आठ ते दहा हजार माणसे जाण्याचे मुख्य कारण त्यांच्या डोक्यावर आणि आजूबाजूला होते. दगडाच्या हात-दोन हात जाडीच्या भिंती, त्यांत चुन्याऐवजी मातीच, आणि वर लाकडी तुळयांवर वर्षानुवर्षे मातीचे थर चढत गेलेले जड माळवद. मराठवाड्याच्या उन्हात हीच घरे गारवा देत, आणि त्या पहाटे तीच अंगावर आली. बाप्पाला निरोप देऊन काही तास झाले होते. लिस्बनच्या चर्चमध्ये पडलेला प्रश्न इथे जसाच्या तसा पडतो. आणि रूसोचे उत्तरही इथे तितकेच लागू पडते, आणि तितकेच अपुरे राहते. कारण पाळण्यातल्या मुलाने भिंत बांधलेली नसते.

ख्रिस्ती परंपरेतली मोठी उत्तरे दोन. हिप्पोचा ऑगस्टीन (३५४–४३०) म्हणतो की अनिष्ट ही स्वतंत्र वस्तूच नाही. अंधार म्हणजे जसा प्रकाशाचा अभाव, तसा तो चांगल्याचा अभाव आहे, आणि तो माणसाने आपल्या इच्छास्वातंत्र्याचा गैरवापर केल्यामुळे जगात शिरला. दुसऱ्या शतकातल्या आयरेनीअसच्या विचारावरून ब्रिटिश तत्त्वज्ञ जॉन हिकने १९६६ मध्ये वेगळी मांडणी केली: माणूस अपुरा घडवला गेला असून हे जग त्याच्या आत्म्याची तालीम आहे. विसाव्या शतकात वादाला तर्कशास्त्राची धार आली. दयाळू, सर्वशक्तिमान देव आणि अनिष्ट ही दोन विधाने एकत्र नांदूच शकत नाहीत, असे जे. एल. मॅकीने १९५५ मध्ये म्हटले. ॲल्विन प्लँटिंगाने १९७४ मध्ये दाखवले की इच्छास्वातंत्र्य गृहीत धरले तर विसंगती उरत नाही. त्यानंतर विल्यम रो याने १९७९ मध्ये एक साधे चित्र पुढे ठेवले. दूर जंगलात वणवा लागतो, हरणाचे एक पाडस होरपळते आणि कित्येक दिवस तडफडून मरते. ते कोणी पाहत नाही, त्यातून कोणी शिकत नाही. या वेदनेने कोणते भले साधले? या पाडसाला अजून समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

बायबलमधले ईयोबाचे पुस्तक या सगळ्यांहून जुने आहे. ईयोब नीतिमान असतो; त्याची मुले, गुरे, आरोग्य सारे जाते. राखेत बसून तो खापरीने अंग खाजवत असतो. तीन मित्र भेटायला येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून राहतात. त्यानंतर ते बोलू लागतात आणि सगळे बिघडते. तुझ्या हातून पाप घडले असणार, त्याशिवाय देव शिक्षा करत नाही, हे त्यांचे पालुपद. ईयोब मात्र देवाशीच भांडत राहतो. शेवटी देव वावटळीतून बोलतो तेव्हा दुःखाचे कारण सांगतच नाही. पण मित्रांवर रागावतो, आणि माझ्याविषयी ईयोब जसे योग्य बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत, असे त्यांना सुनावतो. देवाची बाजू घेणारे चुकले आणि देवाशी भांडणारा बरोबर ठरला, असा निकाल एका धर्मग्रंथानेच द्यावा, ही या विषयातली मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

भारतात हा प्रश्न थोड्या वेगळ्या रूपात येतो. सांख्य, पूर्वमीमांसक, जैन आणि बौद्ध यांना जगाचा कर्ता ईश्वर मान्यच नसल्याने त्यांच्यापुढे दुःखाचे कारण शोधण्याचा प्रश्न असतो, देवाला निर्दोष ठरवण्याचा नसतो. बौद्धांच्या जातककथांपैकी भूरिदत्त जातकात तर उघड विचारले आहे की, ब्रह्मा साऱ्या जगाचा धनी असेल तर त्याने हे जग दुःखी का ठेवले? ईश्वर मानणाऱ्या वेदान्ताने याला दिलेले उत्तर त्याच्या आधारग्रंथात, ब्रह्मसूत्रांत सापडते: 'वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्' (२.१.३४). एकाला सुखी, दुसऱ्याला दुःखी करणारा ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही, कारण तो ज्याच्या त्याच्या कर्मानुसार फळ देतो. इथे शंकराचार्य पावसाची उपमा देतात. पाऊस भात आणि जव दोन्हींना सारखाच पडतो. भाताला भात आणि जवाला जव येते ते बियाण्यामुळे. मग पहिले कर्म कुठून आले? पुढचे सूत्र सांगते की संसार अनादि आहे, त्यामुळे 'पहिले' असे काही नाही.

या उत्तराची तर्कशुद्धता मान्य करावी लागते. कोणतेही दुःख त्यात बिनहिशेबी राहत नाही, आणि देवही सुटतो. अडचण इतकीच की हिशेबाची वही कोणाला दिसत नाही, आणि ती वाचून दाखवायला बहुधा सुखी माणूसच पुढे होतो. दरिद्री आणि दलितांच्या स्थितीची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकावी, यापलीकडे पूर्वकर्माच्या सिद्धान्ताचा हेतू दिसत नाही, ही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची टीका याच ठिकाणी बोट ठेवते.

दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ लावण्यातला धोका १९३४ मध्ये फार थोर माणसांच्या बाबतीतही दिसला. १५ जानेवारीला बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. हरिजन दौऱ्यावर असलेल्या गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाबद्दलचा ईश्वरी दंड असल्याचे म्हटले. अस्पृश्यतेविरुद्धच्या लढ्यात त्यांच्या बाजूला असलेल्या रवींद्रनाथ ठाकुरांना हे असह्य झाले. भौतिक आपत्तीची कारणे भौतिकच असतात असे सांगून त्यांनी विचारले की, असा तर्क चालवला तर विरोधकही हाच भूकंप गांधीजींच्या चळवळीच्या माथी मारू शकतील, त्याचे काय? आपल्या 'हरिजन' साप्ताहिकाच्या १६ फेब्रुवारीच्या अंकात गांधीजींनी तो आक्षेप छापला आणि आपले उत्तरही दिले: हे मला सिद्ध करता येणार नाही, पण माझ्यासाठी ती जिवंत श्रद्धा आहे. त्या पापात ते स्वतःलाही धरत होते. तरीही बिहारच्या ढिगाऱ्याखाली कोण होते हे पाहिले, तर माझे मन रवींद्रनाथांच्या बाजूने जाते.

स्वतःच्या दुःखाचा अर्थ स्वतः लावणे ही गोष्ट वेगळी. १६३० च्या सुमारास दख्खनमध्ये सलग पाऊस हुकला. शंकराचार्यांच्या उपमेतला सर्वांवर सारखा पडणारा पाऊस इथे कोणावरच पडला नाही. देहूच्या तुकोबांचे दुकान बुडाले. 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली', या ओळीत ना तत्त्वज्ञान आहे ना तक्रार. जे घडले ते आहे. दुसरीकडे तेच म्हणतात, 'बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली'. दिवाळे आणि दुष्काळ यांतून मन देवाकडे वळले, हा त्याचा आशय. जॉन हिकच्या भाषेत आत्म्याची तालीम. पण हे 'बरें जालें' तुकोबांच्या तोंडी आहे. शेजाऱ्याने तेच त्यांना ऐकवले असते तर तो ईयोबाचा मित्र ठरला असता. आणि तुकोबाही तिथेच थांबले नाहीत; 'माझे लेखीं देव मेला' असेही त्यांनी देवाच्या तोंडावर सांगितले.

चोखोबांच्या घरात दुःख स्वीकारणे आणि देवाशी भांडणे ही दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी नांदताना दिसतात. आपल्या वाट्याला आलेला विटाळ हे पूर्वीच्या कर्माचे फळ, असे सांगणारा अभंग चोखामेळ्यांच्या नावावर आहे. त्यांचा मुलगा कर्ममेळा हे समाधान घेत नाही. 'आमुची केली हीन याती । तुज कां न कळे श्रीपती' असे तो सरळ विठ्ठलाला विचारतो, आणि पुढे: 'जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुमचे चित्ता'. देव नाही असे तो म्हणत नाही. देव आहे, म्हणून त्याला लाज वाटली पाहिजे, असा त्याचा दावा आहे. वारकऱ्यांनी हा अभंग गाथेतून काढून टाकला नाही.

चोखामेळ्यांचा मृत्यू मंगळवेढ्यात गावकुसाचे काम चालू असताना, भिंत अंगावर कोसळून झाला. साल १३३८ मानले जाते. ढिगाऱ्यातून ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती नामदेवांनी ओळखली आणि पंढरपूरला आणली, अशी कथा आहे. समाधी बांधली ती विठ्ठल मंदिराच्या महाद्वाराबाहेर. मंदिराचे दार सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले ते १९४७ च्या मे महिन्यात.